काउंटरवरची गोळी

पावसाळ्यात कुठल्याही औषधाच्या दुकानापाशी पाच मिनिटं उभं राहा. हा संवाद हमखास कानावर येतो. "पोराला ताप आहे, सांधे दुखतायत, काहीतरी द्या." "वय किती?" एवढं विचारून झालं की पट्टी कातरली जाते आणि चार गोळ्या पुडीत पडतात. ताप कितवा दिवस, लघवी होतेय का, मागे घसा दुखला होता का, हे कुणी विचारत नाही. ते विचारणं दुकानदाराचं कामही नाही. त्याचं काम चिठ्ठी बघून औषध देण्याचं. डायक्लोफेनॅकसारखं औषध कायद्याने चिठ्ठीशिवाय विकताच येत नाही. तरी ते विकलं जातं, रोज आणि सगळ्यांच्या देखत.

माझं भांडण पुडीतल्या त्या वेदनाशामक गोळीशी आहे. आयबुप्रोफेन असो, डायक्लोफेनॅक असो की ॲस्पिरिन, पावसाळी तापात ती दोन वेगळ्या आजारांत दोन वेगळ्या तऱ्हांनी घात करते.

आधी डेंग्यू. एकदम चढलेला ताप, कपाळ फुटेल अशी डोकेदुखी, डोळ्यांच्या मागे दुखणं, अंग मोडून येणं, मळमळ, दोन-चार दिवसांनी पुरळ. ही लक्षणं आता घरोघरी पाठ आहेत. या आजारात रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट घटतात. वेदनाशामक गोळ्या उरलेल्या प्लेटलेटचंही काम अडवतात, वर जठराच्या अस्तराला इजा करतात. म्हणजे जिथे रक्तस्रावाची भीती, तिथेच त्याला वाट करून द्यायची. डेंग्यूची शंका असेल तर तापाला पॅरासिटॅमॉल, तेही वजनाच्या हिशेबाने. दुसरं काही नाही.

मग ताप उतरतो आणि घरदार सुटकेचा नि:श्वास टाकतं. नेमकी इथेच फसगत होते. डेंग्यूतला धोक्याचा काळ ताप उतरताना सुरू होतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. केशवाहिन्यांतून रक्तातला द्रव झिरपून बाहेर जातो, रक्त दाट होतं, रक्तदाब कोसळू शकतो. पोटात सतत दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतंय, हातपाय गार पडलेत, पोर सुस्त झालंय किंवा उगाच तळमळतंय, सहा तासांत लघवी नाही. यातलं एक जरी दिसलं तरी तडक रुग्णालय गाठायचं.

पण आपलं सगळं लक्ष प्लेटलेटच्या आकड्यावर. दिवसातून दोनदा रक्त, नातेवाइकांच्या ग्रुपवर रिपोर्ट, पपईच्या पानांचा रस, महागडी किवी, आणि "प्लेटलेट चढवा" म्हणून डॉक्टरच्या मागे लकडा. रक्तस्राव नसेल आणि आकडा अगदी तळाला गेला नसेल, तर प्लेटलेट चढवून काही साधत नाही. डेंग्यूचा रुग्ण बहुतेकदा दगावतो तो झिरपणाऱ्या द्रवाकडे वेळेत लक्ष न गेल्याने. आकडा बघायचाच असेल तर हिमॅटोक्रिट बघा. रक्त किती दाट झालंय ते तो सांगतो, आणि तो त्याच रिपोर्टवर छापलेला असतो. नातेवाइकांनी त्याबद्दल विचारल्याचं मी फारसं ऐकलेलं नाही.

आता त्याच रांगेतलं दुसरं पोर. वय दहा. ताप आहे, आज गुडघा सुजून लाल झालाय, पांघरुणाचा स्पर्श सोसत नाही. तीन दिवसांपूर्वी घोटा असाच सुजला होता, तो आपोआप बरा झाला. उद्या कदाचित कोपर धरेल. घरचे, शेजारी, दुकानदार सगळे एकाच सुरात म्हणतात, चिकुनगुन्या. हे नाव ओठांवर का येतं तेही समजण्यासारखं आहे. 1973 मध्ये बार्शीत त्याची साथ आली, मग तो तीस वर्षांहून अधिक काळ जवळजवळ दिसेनासा झाला आणि 2006 मध्ये असा परतला की गावंच्या गावं वाकून चालत होती. तेव्हापासून ताप आणि सांधे एकत्र आले की पुढचा विचारच होत नाही.

विचार करायला हवा. चिकुनगुन्या बोटं, मनगटं, घोटे असे अनेक सांधे एकदम धरतो, बहुधा दोन्ही अंगांना, आणि आठवडेच्या आठवडे सोडत नाही. मोठे सांधे एकामागून एक, पाळीपाळीने धरणारा आजार वेगळा आहे. तो ऱ्हुमॅटिक फीवर. तो प्रामुख्याने 5 ते 15 वयाच्या मुलांना गाठतो आणि डासाचा त्याच्याशी काहीही संबंध नसतो. दोन-तीन आठवड्यांपूर्वी मुलाचा घसा दुखलेला असतो, स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूने. शरीर त्या जंतूविरुद्ध लढायला उठतं. पण जंतूची काही प्रथिनं आपल्या प्रथिनांशी मिळतीजुळती असल्याने तोच मारा स्वतःच्या सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटतो. सांधे पूर्ण बरे होतात. इजा झालेली झडप बरेचदा होत नाही. चिकुनगुन्याचं नेमकं उलटं असतं, सांधे महिनोन्‌महिने छळतात आणि झडपा शाबूत राहतात.

इथे ती गोळी दुसरा घात करते. ऱ्हुमॅटिक फीवरचे सांधे वेदनाशामकाला इतकी झटकन दाद देतात की एक-दोन दिवसांत पोर पुन्हा अंगणात पळतं. फिरती सूज फिरायच्या आधीच विझते. हा आजार ओळखण्याचे निकष डॉ. टी. डकेट जोन्स यांनी 1944 मध्ये मांडले, आणि ही सांध्यांतून फिरणारी सूज त्यातल्या ठळक खुणांपैकी एक आहे. खूणच पुसली गेल्यावर ईसीजी कोण काढणार, टूडी इकोला कोण पाठवणार? "वाढीचं दुखणं होतं" म्हणून घरचे विषय मिटवतात. पुढच्या वर्षी पुन्हा घसा, पुन्हा ताप, झडपेवर पुन्हा एक व्रण.

याचा हिशेब दहा-पंधरा वर्षांनी लागतो. हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमध्ये मिट्रल झडप असते, एकाच दिशेने उघडणाऱ्या दारासारखी. धडधाकट माणसात तिची वाट चार ते सहा चौरस सेंटिमीटरची. व्रणांनी पाकळ्या एकमेकींना चिकटतात आणि ती दीड चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून अरुंद होते. रोजच्या कामात हे खपून जातं. मग अशी एखादी मुलगी लग्न होऊन गरोदर राहते. गरोदरपणात शरीरातलं रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं, ते अरुंद वाटेतून पुढे सरकत नाही, मागे फुफ्फुसांत तुंबतं. सहाव्या-सातव्या महिन्यात तिला आडवं झोपता येत नाही, बसून रात्र काढते. "पोट वाढलं की दम लागायचाच," असं तिला घरात सांगितलं जातं. लहानपणीचं ते आठ दिवसांचं गुडघेदुखीचं प्रकरण तेव्हा कुणाच्या ध्यानातही नसतं.

झडप बिघडण्याला इतरही कारणं आहेत. साठी-सत्तरीत महाधमनीच्या झडपेवर कॅल्शियम साचतं, काही जण तीनऐवजी दोन पाकळ्यांची झडप घेऊन जन्मतात, कधी रक्तातून आलेले जंतू झडपेवर बस्तान मांडतात. ही सगळी टाळणं आपल्या हातात नाही. ऱ्हुमॅटिक फीवर मात्र टाळता येतो. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत योग्य अँटिबायोटिक सुरू झालं तरी तो रोखता येतो. एकदा येऊन गेला असेल तर दर 21 दिवसांनी बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन द्यायचं, किमान 5 वर्षं, झडपेला इजा असेल तर 10 वर्षं आणि कधी त्याहूनही पुढे. औषध जुनं आणि स्वस्त आहे. तरी रिॲक्शनच्या भीतीने अनेक खासगी दवाखाने ते द्यायला नकार देतात. अशी तीव्र ॲलर्जी क्वचित होते आणि तिच्यावरचं ॲड्रेनॅलिन शेजारच्या ट्रेमध्ये ठेवता येतं. ते ठेवण्याऐवजी पोराला परत पाठवणं हा कामचुकारपणा आहे.

बिघडलेली झडप बदलता येते, हे खरं. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या चमूने भारतीय कृत्रिम झडप घडवली. डिसेंबर 1990 मध्ये ती पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली आणि पुढे एक लाखाहून अधिक बसवल्या गेल्या. त्या कामाचा मला अभिमान आहे. पण यांत्रिक झडपेसोबत जन्मभर रक्त पातळ ठेवण्याची गोळी येते, रक्त गोठण्याची, म्हणजे आयएनआरची, वारंवार तपासणी येते, आणि तरुण बाईचं प्रत्येक गरोदरपण जोखमीचं होतं. हे सगळं एका वेळेवर न दिलेल्या इंजेक्शनापायी.

या मुलांची बातमी का होत नाही, याचं उत्तर कडू आहे. डेंग्यूचा डास बंगल्याच्या कुंडीखालच्या ताटलीतही वाढतो, म्हणून डेंग्यूची बातमी होते, धूर सोडणारी गाडी येते, नगरसेवक फोटो काढतात. स्ट्रेप्टोकॉकस एका खोलीत सात जण झोपतात तिथे पसरतो. युरोप-अमेरिकेत ऱ्हुमॅटिक फीवर पेनिसिलिन येण्याआधीच ओसरू लागला होता, कारण घरातली दाटी कमी झाली. आपल्याकडे दाटी तशीच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत ऱ्हुमॅटिक फीवरमुळे होणारा हृदयरोग 2013 पासून आहे. यादीत नाव असून भागत नाही, पथकातल्या डॉक्टरने शाळेच्या पडवीत प्रत्येक पोराच्या छातीला शांतपणे स्टेथोस्कोप लावावा लागतो.

अन्न व औषध प्रशासनाने पावसाळ्याचे चार महिने तरी विनाचिठ्ठी वेदनाशामक विकणाऱ्या दुकानांवर धडक कारवाई करावी. जिल्हा परिषदांनी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात बेंझाथिन पेनिसिलिन आणि त्याच्या शेजारी ॲड्रेनॅलिन आहे का, ते आजच तपासावं. आणि पालकांनो, निदान होईपर्यंत मुलाच्या तापाला पॅरासिटॅमॉलखेरीज काही देऊ नका. सांधा सुजला असेल तर "महिन्याभरात याचा घसा दुखला होता" हे डॉक्टरांना आपणहून सांगा, आणि त्यांनी हृदय तपासल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.