बिनतारी माईकचे दुखणे

वाशिममध्ये नाझरीन मिशनचे काम १९३०च्या दशकापासून आहे. बिनतारी माईक त्यामानाने नवखा, तरी उपासनेत हट्ट त्याचाच चालतो. उपदेश ऐन रंगात आला की आवाज तुटतो. पहिला संशय सैतानावर, दुसरा माईक आणणाऱ्यावर. सेलवर सगळ्यात शेवटी. रिसीव्हर बहुधा लोखंडी कपाटात कुलूपबंद असतो. तेथे चोर पोचत नाही आणि सिग्नलही. तो उंचावर, माईकच्या नजरेसमोर हवा. दोन माईक एकाच फ्रिक्वेन्सीवर असले तर जोरदार सिग्नल दुसऱ्याला दाबतो; पंचकमिटीच्या बैठकीतही हेच होते. शिट्टी वाजली तर मात्र दोष लहरींचा नव्हे. पाळक स्पीकरपुढे उभे असतात आणि ऑपरेटर, उपाय म्हणून, आवाज आणखी वाढवतो.