फॉल्स सीलिंगचा परतावा

जुना फ्लॅट घ्या, नटवा आणि वर्षभरात चढ्या भावाने विका, हा श्रीमंतीचा मार्ग हल्ली शनिवार-रविवारी हॉटेलांच्या हॉलमध्ये शिकवतात. चहा-बिस्किटे फीमध्येच धरलेली असतात. शास्त्र मूळचे अमेरिकेतले. तिथे ‘फ्लिप ऑर फ्लॉप’ नावाचा टीव्ही कार्यक्रम २०१३ पासून २०२२ पर्यंत चालला; त्या नावातला दुसरा पर्याय आपल्याकडे येताना कस्टममध्ये अडकलेला दिसतो. तिथल्याच झिलो कंपनीच्या पदरी घरांची किंमत वर्तवणारे संगणक होते. तरीही तिने घरे घेऊन विकण्याचा धंदा नोव्हेंबर २०२१ मध्ये गुंडाळायला काढला आणि चौथाई नोकरवर्ग कमी केला. अर्थात त्या संगणकांना वास्तुशास्त्र कुठे येत होते! आपल्याला ते येते, म्हणून आपण हिशेबाला बसू.

समजा, पुण्यात ८० लाखांचा जुना टू बीएचके घेतला. मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. नोंदणीचे ३० हजार. (बाईच्या नावावर घेतला तर एक टक्का सवलत आहे. आपल्याकडे स्त्रीला घराची मालकी मिळण्यामागे हा टक्का बराच असावा.) एजंटाचा एक टक्का ८० हजार, सोसायटीचे हस्तांतर शुल्क जास्तीत जास्त २५ हजार. ६० लाखांच्या कर्जावर साडेआठ टक्क्यांनी वर्षाचे व्याज ५ लाख १० हजार. नूतनीकरणाला १२ लाख धरू. सुतार पहिल्या भेटीत ८ म्हणतो आणि तिसऱ्या भेटीत १२ होतात, म्हणून थेट तिसऱ्या भेटीचाच आकडा घेतला. बेरीज १ कोटी ४ लाखांच्या वर जाते. आता तो फ्लॅट वर्षाने १ कोटी ५ लाखांना विकला आणि एजंटाला पुन्हा एक टक्का दिला, की आपण १० हजारांनी तोट्यात असतो. म्हणजे ८० लाखांच्या वस्तूला वर्षात २५ लाख जास्त मिळाले तर माणूस जेमतेम होता तिथे पोचतो. चुकून फायदा झालाच, तर दोन वर्षांच्या आत विकल्यामुळे तो उत्पन्नात मिळवला जातो आणि स्लॅबप्रमाणे कर लागतो. वर्गात शिकवतात त्या हिशेबात मात्र आकडे दोनच असतात, घेतला केवढ्याला आणि विकला केवढ्याला. मधले सगळे बहुधा चहा-बिस्किटांत येते.

पण खरी गोम बेरजेत नाही, फरशीखाली आहे. अमेरिकन माणूस बहुतेक वेळा घर घेतो तेव्हा खालची जमीनही घेतो. आपण घेतो चौथ्या मजल्यावरची एक पोकळी आणि जमिनीतला अविभक्त हिस्सा, आणि ती जमीनही कित्येक सोसायट्यांच्या नावावर अजून झालेली नसते. भाव वाढतो तो जमिनीचा, एफएसआयचा, शेजारून जाणार असलेल्या मेट्रोचा. सरकारचा रेडी रेकनर इमारतीचे वय बघतो, मजला बघतो, लिफ्ट बघतो. इटालियन मार्बलचा रकाना त्यात नाही. गिऱ्हाईकही कार्पेटच्या चौरस फुटाला दर लावते आणि तुमच्या मॉड्युलर किचनकडे बघून विचारते, ओटा पूर्वेला नेता येईल का? शिवाय जुन्या फ्लॅटचा सर्वांत मोठा गुण हा की तो कधीतरी पाडला जाईल. निम्म्याहून अधिक सभासदांनी होकार दिला की पुनर्विकासाचे वारे वाहू लागते, आणि मग पोपडे उडालेल्या फ्लॅटचा भाव नटवलेल्या फ्लॅटच्या बरोबरीने चढतो. वाढीव जागा जुन्या कार्पेटच्या प्रमाणात मिळते, पीओपीच्या नक्षीच्या नाही.

यावर प्रत्येक सोसायटीतले एक काका उठून सांगतात की १९९६ मध्ये १२ लाखांना घेतलेला फ्लॅट २०२४ मध्ये १ कोटी २० लाखांचा झाला. दहापट! टाळ्या वाजवायला हरकत नाही, पण २८ वर्षांत दहापट म्हणजे चक्रवाढीने वर्षाला साधारण साडेआठ टक्के. त्यातून देखभाल खर्च, मालमत्ता कर आणि दोन रंगकामे वजा जायची आहेत. त्याच १९९६ मध्ये पोस्टातला निमूट पीपीएफ १२ टक्के देत होता, तोही करमुक्त. त्यात एकरकमी १२ लाख घालता येत नव्हते, हे मान्य. काकांच्या बाजूचा याहून भक्कम मुद्दा वेगळाच आहे आणि तो काका कधीच मांडत नाहीत: हप्ता चुकवता येत नाही, म्हणून बचत होते. बँकेचा धाक नसता तर ते पैसे बारशा-मुंजींत गेले असते. हे खरेच आहे. फक्त याला गुंतवणुकीचे कौशल्य म्हणू नये, वसुलीचे म्हणावे. भाड्याचे म्हणाल, तर ८० लाखांच्या फ्लॅटचे महिना २२ हजार आले तरी वर्षाचे ३.३ टक्के होतात, आणि तेवढ्यासाठी आपण साडेआठने कर्ज काढलेले असते.

स्वतः राहायच्या घरात खुशाल खर्च करावा, तो उपभोग आहे आणि त्याला परतावा विचारू नये. तिथेही गंमत अशी की बाथरूमची फरशी उखडून वॉटरप्रूफिंग नीट करून घेणे हे सर्वांत उपयोगी काम, आणि पैसे सर्वांत आधी तिथेच वाचवले जातात. पाहुण्यांना वॉटरप्रूफिंग दाखवता येत नाही. मग पहिल्याच पावसाळ्यात फॉल्स सीलिंगवर भारताचा नकाशा उमटतो आणि वरच्या मजल्याशी पत्रव्यवहार सुरू होतो. पुढे कधीतरी पुनर्विकास मंजूर होतो, घरे रिकामी होतात आणि पाडकामाच्या आधी भंगारवाला जिना चढून येतो. मॉड्युलर किचनच्या स्टीलच्या ट्रॉल्या तो उपसून काढतो, काट्यावर टाकतो आणि भाव सांगतो, किलोचा.