गोरोबाकाकांची केवायसी

निवृत्त शिक्षिकेला सरकार पेन्शन देतं आणि गल्ली आपापले मोबाईल देते. कळंबात आमच्या ओट्यावर दुपारी तीननंतर जे मोबाईल येतात, त्यांच्या काचा तडकलेल्या असतात, चार्जिंग आठ टक्क्यांवर आलेलं असतं, आणि मालकिणीला पासवर्ड म्हणजे काय हे ठाऊक नसलं तरी तो कुणाला सांगायचा नाही एवढं पक्कं ठाऊक असतं. एके काळी माझ्याकडं पोरं पाढे घेऊन यायची, आता त्यांच्या आया ओटीपी घेऊन येतात. पाढे निदान दर दहा मिनिटांनी बदलत नव्हते.

फॉर्म कुठलाही असो, पहिली ठेच जिल्ह्यालाच लागते. 24 फेब्रुवारी 2023 ला केंद्रानं आमच्या उस्मानाबादचं धाराशिव करायला मंजुरी दिली, सप्टेंबरात जिल्ह्याचं राजपत्र निघालं, पुढच्या वर्षी उच्च न्यायालयानंही ते कायम केलं. 2025 मध्ये रेल्वे स्टेशनची पाटीसुद्धा बदलली. पण एखाद्या फॉर्मातली यादी उघडावी तर ‘ध’ला नुसतं धुळं सापडतं. मग बोटानं यादी सरसर खाली ढकलत ‘उ’ला जायचं. 2024 च्या लोकसभेला आम्ही धाराशिवात राहून उस्मानाबाद मतदारसंघात मत दिलं. आणि उस्मानाबादी शेळी तर अजून उस्मानाबादीच आहे, तिला कुणी राजपत्र दाखवलेलं नाही. आमचे हे म्हणतात, या जिल्ह्यात एमएच 25 सोडलं तर कायमचं असं काही नाही.

‘हे’ म्हणजे एसटीतले निवृत्त कंडक्टर. माणसांविषयीची त्यांची सगळी मतं अर्ध्या तिकिटावरून बनलेली आहेत. त्याबद्दल पुढं सांगते.

खरी धांदल उडाली ती लाडकी बहीण योजनेच्या केवायसीनं. महिन्याला दीड हजार रुपये 2024 च्या जुलैपासून सुरू झाले, तेव्हा कुणी फार खोलात शिरलं नाही. निवडणूक तोंडावर होती, आणि अशा वेळी भाऊ बहिणीला कागद मागत नाही. वर्षभरानं भावाला हिशेब आठवला. 2025 च्या सप्टेंबरात हुकूम आला की बाईनं आपला आधार नंबर टाकायचा, ओटीपी टाकायचा, मग नवऱ्याचा नाही तर बापाचा आधार टाकायचा आणि त्याच्याही मोबाईलवर आलेला ओटीपी टाकायचा.

आमच्याकडं दूध घालणाऱ्या मावशींचा नवरा तेव्हा बेळगावकडं ऊसतोडीला गेलेला. मावशी माझ्या ओट्यावर, मोबाईल स्पीकरवर, मी चष्मा लावून तयार, आणि पडद्यावर वेळ पळायलेली.

“अवो, तुमच्या मोबाईलवर आकडा आलाय बगा. सांगा बिगीबिगी.”

“कोण बोलायलंय?”

“मी बोलायलेय, दुसरं कोण?”

“आकडा कशाला पायजे?”

“सरकारला पायजे.”

“सरकारनंच सांगितलंय कुणाला द्यायचा न्हाई म्हणून.”

यात त्या माणसाचं काय चुकलं? कित्येक महिने कुणालाही फोन लावला की आधी अमिताभ बच्चन हेच बजावत होते. पंतप्रधानांनी 2024 च्या ऑक्टोबरात ‘मन की बात’मध्ये डिजिटल अरेस्टबद्दल सांगताना थांबा, विचार करा, मग पाऊल उचला असा सल्ला दिला होता. मावशींचा नवरा थांबला होता आणि विचार करत होता. असा आज्ञाधारक नागरिक हुडकून सापडायचा नाही.

“तुझाच आवाज हाय कशावरनं? आता मशीन बी बायकोच्या आवाजात बोलतंय म्हणं.”

“मग काय करू?”

“आपल्या म्हशीचं नाव सांग.”

“कंच्या? इकली तिचं, का हाय तिचं?”

पलीकडं क्षणभर शांतता. मग खात्री पटल्याचा सुस्कारा. “बरोबर हाय. घे, लिव्ह.”

मी आकडे टाकले. तोवर दहा मिनिटं उलटून गेली होती आणि ओटीपी मेला होता.

नवरा लांब असला तरी असलेल्या बायकांचं हे. ज्यांचा नवराच राहिला नाही त्यांनी काय करायचं, हा प्रश्न फॉर्म तयार करणाऱ्याला सुरुवातीला पडलेला दिसत नाही. पुढं नोव्हेंबरात विधवा आणि घटस्फोटितांसाठी सोय झाली, मुदतही 31 डिसेंबरपर्यंत वाढली. पण त्याआधीच एक मावशी येऊन मला म्हणून गेल्या होत्या, “आमचे ते गेले तवापासनं त्येंचा फोन लागंना, बाई.” हसावं की काय करावं कळेना, म्हणून मी चहा टाकला.

याच योजनेचे पैसे 14,298 पुरुषांनी उचलल्याचं 2025 च्या जुलैत बाहेर आलं होतं. म्हणजे बायकोला बायको ठरायला नवऱ्याचा ओटीपी लागला. बहीण ठरायला मात्र वर्षभर बाई असणंसुद्धा लागलं नव्हतं.

तशी केवायसी आमच्या जिल्ह्याला नवी नाही. पहिली केवायसी आमच्याकडच्या तेरच्या गोरोबाकाकांनी केली. कथा सगळ्यांना माहीत आहे. संत जमलेले, मुक्ताबाईनं कोपऱ्यातलं थापटणं बघून हे काय म्हणून विचारलं. काका म्हणाले, मडकं कच्चं की पक्कं ते यानं कळतं. मग आमचीही मडकी बघा, म्हटल्यावर काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत नेलं. बाकीचे गप्प बसले. नामदेवांना ते सोसलं नाही, त्यांनी कुरकुर केली, आणि तेवढं एकच मडकं कच्चं निघालं. तक्रार करील तो अर्जदार अपात्र, ही आपल्याकडची परंपरा किती जुनी आहे ते यावरून कळावं. पण काकांचं मला एक पटतं. त्यांनी समोर बसून, स्वतःच्या हातानं, डोळ्यांत बघून तपासलं. आणि अपात्र ठरलेल्या नामदेवांना पुढचा पत्ता मिळाला, औंढ्याला विसोबा खेचरांकडं जा. माझ्या ओट्यावरच्या मोबाईलवर फक्त ‘काहीतरी चुकले आहे, थोड्या वेळाने प्रयत्न करा’ एवढंच येतं. काय चुकलं, कुणाचं चुकलं, थोडा वेळ म्हणजे किती, विसोबा कुठल्या खिडकीत बसतात, काही नाही.

आता आमच्या ह्यांचं अर्धं तिकीट. कळंब–बार्शी, कळंब–लातूर असल्या गाड्यांवर यांची उभी नोकरी गेली. बारा वर्षांच्या आतल्या पोराला अर्धं तिकीट, म्हणून मिसरूड फुटलेलं पोरगंसुद्धा आईच्या मांडीवर बसून साडेअकराचं व्हायचं. यांचा सिद्धान्त असा की त्या आया खोटं बोलायच्या, पण बोलताना खिडकीबाहेर बघायच्या. एखादी तर तिकीट घेतल्यावर उगीचच पोराला धपाटा घालायची, म्हणजे आतलं काहीतरी तेवढं फिटायचं. खोटं बोलायला समोर तोंड लागतं, असं यांचं म्हणणं. तोंड असलं की लाज असते, आणि लाज असली की खोट्याला माप राहतं. साडेअकरा म्हणतील, चार म्हणणार नाहीत.

तोंडच काढून घेतलं तर काय होतं, ते पीकविम्यानं दाखवलं. 2023 च्या खरिपापासून शेतकऱ्यानं एक रुपया भरायचा आणि बाकीचा हप्ता सरकारनं, अशी योजना आली. अर्ज भरून देणाऱ्या केंद्राला मात्र अर्जामागं 40 रुपये. पूर्वी तलाठी बांधावर यायचा. त्याच्याशी खोटं बोलायचं तर चहा पाजावा लागे, शिवाय गावात चार जण बघत असत. या योजनेत पडद्यावर गट नंबर टाकला की झालं. मग राज्यभरात गायरानात सोयाबीन डोलू लागलं, सरकारी पडीक जमिनीला कांदा लागला, विम्याखालचं क्षेत्र कधीकधी पेरलेल्या क्षेत्राच्या पुढं निघालं. यातले सगळे काही दरोडेखोर नव्हते. आमच्याच नात्यातला एक गृहस्थ, देवीच्या परडीवर हात ठेवून खोटं बोल म्हटलं तर थरथर कापेल. त्यानं निवांतपणे मला विचारलं, “वैनी, आपण खोटं कुणाला सांगितलं? सर्व्हरला. सर्व्हरला काय पाप लागतंय व्हय?” पाप सर्व्हरला लागायचं नाही हे खरंच आहे. पण हा प्रश्न विचारतानासुद्धा तो खिडकीबाहेर बघत नव्हता. हे मला म्हणाले, “बघितलंस?”

2025 मध्ये ती एक रुपयाची योजना गुंडाळली गेली. त्या खरिपाला दोन टक्के हप्ता, आणि भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगाच्या उत्पन्नावर. नुकसान झालं की 72 तासांत अ‍ॅपवर कळवा, हा जुना धोशाही संपला. आमची माणसं कशीबशी चिखलात उभं राहून फोटो काढायला शिकली होती, तोवर फोटोचं काम सरलं. मधल्या काळात, जुलैमध्ये, तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांचा विधिमंडळात बसून मोबाईलवर रमी खेळत असल्याचा म्हणून एक व्हिडिओ फिरला. आपण खेळत नव्हतो, मध्येच आलेली जाहिरात बंद करत होतो, असं त्यांनी सांगितलं. मोबाईलवर नको ते उघडतं आणि बंद होत नाही, याची मी रोजची साक्षीदार आहे. त्यांना नंतर क्रीडा खातं मिळालं. यावर मला काही बोलायचं नाही. हे मात्र दिवसभर हसत होते.

आणि मग सप्टेंबरात पाऊस आला. घटस्थापनेच्या आधी तुळजापूरची आई मंचकी निद्रेत असते. जणू तेच साधून आभाळ फाटलं. परंडा, भूम भागात माणसं हेलिकॉप्टरनं बाहेर काढावी लागली, मातीसकट रानं वाहून गेली. पंचनाम्याला फोटो लागतो. ज्याचा गोठा, दावण आणि मोबाईल एकाच रात्री गेला, त्यानं कशाचा फोटो कशानं काढावा? तरी काढले बिचाऱ्यांनी, दुसऱ्यांच्या मोबाईलवर. पाठोपाठ मदत आली, तर मदतीच्या पिशव्यांवरही फोटो, नेत्यांचे, चांगले हसरे. त्यावरून ओरड झाली. मला ती ओरड थोडी अन्यायाची वाटते. शेतकऱ्याला गेल्याचा फोटो लागतो, तसा पुढाऱ्याला दिल्याचा लागतो. दोघांवरही कुणाचा विश्वास उरलेला नाही, फरक इतकाच की एकाच्या फोटोत तो स्वतः कधीच नसतो. ऑक्टोबरात 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. तो आकडा मला पाटीवर लिहून दाखवा असं एका आजीनं सांगितलं. लिहिला. त्यांनी तो बराच वेळ बघितला आणि विचारलं, “ह्यातला आपल्या गल्लीत कंचा शून्य येणार?”

नवरात्रात सगळ्यांच्या स्टेटसवर देवी. त्या वर्षीची देवी एआयनं केलेली. ती पापण्या लववते, शिवरायांना तलवार देते, मागं ढग सरकतात. आई अष्टभुजा असल्यामुळं यंत्राला एखादा हात इकडंतिकडं झाला तरी चालून जातं. एका स्टेटसवर मी नऊ हात मोजले. पाठवणाऱ्या बाईला सांगितलं, तर ती हात जोडून म्हणाली, “जास्तीचा आशीर्वादाचा आसंल.” श्रद्धेपुढं मोजदाद चालत नाही, हे मी गणिताची बाई असून मान्य केलं.

शेवटी नातवानं माझ्या मोबाईलवर ते उत्तरं देणारं एआय घालून दिलं. म्हटलं, पीकविम्यावाल्या त्या भाऊजींचा प्रश्न यालाच विचारावा. यंत्राला खोटं सांगितलं तर पाप लागतं का? त्यानं फार नम्रपणे सांगितलं की हा एक गुंतागुंतीचा प्रश्न आहे. एका बाजूनं असं म्हणता येईल, दुसऱ्या बाजूनं तसं म्हणता येईल, विविध परंपरांमध्ये विविध मतं आहेत, आणि मी आणखी काही मदत करू का? ह्यांनी ते पूर्ण ऐकलं. म्हणाले, “याला पंचायत समितीला उभा कर.”

मी त्याला पुढं विचारलं, तुला कुणी खोटं सांगितलेलं कळतं का? म्हणालं, नेहमीच नाही. हे उत्तर मात्र मला आवडलं. इतक्या अ‍ॅपांत नाही म्हणणारं पहिलंच भेटलं.

नोव्हेंबरात माझी स्वतःची पाळी आली. हयातीचा दाखला. पूर्वी बँकेत जाऊन सही करायची, कारकुनाला नातवंडांची खुशाली सांगायची, आपण जिवंत आहोत हे दोघांच्याही लक्षात यायचं. आता चेहरा दाखवून घरबसल्या होतं म्हणून नातवानं मोबाईल समोर धरला. “चेहरा चौकटीत ठेवा.” ठेवला. “डोळ्यांची उघडझाप करा.” केली. जुळत नाही. चष्मा काढला. जुळत नाही. उजेडाकडं तोंड केलं, पदर नीट केला, हनुवटी वर, हनुवटी खाली. आधारवरचा माझा फोटो असा आहे की तो कुणाशीच जुळू नये, हे कबूल. पण तो त्यांनीच काढलेला आहे. मी डोळे मिचकावत बसलेली बघून हे सोप्यावरून म्हणाले, “माणूस जिवंत आहे का बघायला डोळे मिटायला सांगतंय, शहाणं आहे.” एवढं ऐकलं आणि माझा ताबा सुटला. त्यांच्याकडं तोंड करून मी जे सुरू केलं, त्यात एसटीची तीस वर्षं, वेळेवर न आणलेली भाजी आणि लग्नातला मानपान, सगळं आलं. नातवानं हसू दाबत मोबाईल तसाच माझ्या तोंडाबरोबर फिरवत नेला. आणि मध्येच टिंग वाजलं. पडद्यावर हिरवी खूण. पडताळणी यशस्वी, निवृत्तिवेतनधारक हयात आहे.

“हे मी कधीही लिहून दिलं असतं,” हे म्हणाले.