एक मात्रा कमी

शिरोळ तालुक्यात सिंथेसायझर नावाचं वाद्य नाही. कॅसिओ आहे. पाठीवर यामाहा लिहिलेलं असो, रोलँड असो नाहीतर कॉर्ग. काळ्या-पांढऱ्या पट्ट्या दिसल्या आणि मागे वायर लोंबली की तो कॅसिओ. वाजवणाराही कॅसिओच. ‘कॅसिओ आला काय?’ असं लग्नघरी कुणी विचारलं, तर प्रश्न माणसाचा की वाद्याचा याचा खुलासा कुणी मागत नाही. दोघं एकाच टेम्पोतून उतरतात आणि उतरल्या उतरल्या दोघंही आधी प्लग शोधतात.

अशी माणसं जयसिंगपुरात आहेत, कुरुंदवाडला आहेत, पलीकडे इचलकरंजीत तर गल्लोगल्ली आहेत. मी सांगतोय तो शिरोळचा. त्याचं नाव सांगत नाही. रेशनकार्ड सोडलं तर ते कुठं वापरात नाही. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, केस मागे वळवलेले, खिशात पेनाच्या जागी टेस्टर. बोटं कधी गप्प राहत नाहीत. एस्टीत पुढच्या सीटच्या दांडीवर, जेवताना ताटाच्या कडेवर, रक्षाविसर्जनाला गेला तर स्वतःच्याच मांडीवर. एकदा नदीवरून परतताना मी विचारलं, ‘काय वाजवत होतास रे?’ तर म्हणाला, ‘काय न्हाई लगा. कावळा टाइम लावालता, म्हटलं तवर डावा हात मोकळा करून घ्यावा.’

त्याच्या कार्डावर ‘गझल फ्यूजन आर्टिस्ट’ असं छापलेलं आहे. त्याने लिहून दिलं होतं ‘जॅझ’. छापखान्यातल्या पोराला वाटलं, मास्तर गडबडीत चुकले. त्याने शुद्ध करून दिलं. पाचशे कार्डं संपेपर्यंत त्याला गझला मागणारे फोन येत राहिले. त्यानेही वाजवल्या. मागतील ते वाजवायचं, पण दोन कडव्यांच्या मधला ‘पीस’ आपल्या मनाचा, हा त्याचा जन्माचा करार. सगळं करिअर त्या पीसमध्ये मावलेलं आहे. एकूण मोजली तर दर कार्यक्रमाला चाळीस सेकंद.

सुरुवात वडिलांच्या भजनी मंडळात पेटीवर झाली. बुवा काळी चारमध्ये गायचे, थंडीत काळी दोनवर यायचे. पण हा सांगताना सुरुवात स्वतःपासून करत नाही, विष्णु दिगंबर पलुस्करांपासून करतो. पलुस्कर १८७२ साली कुरुंदवाडात जन्मले, म्हणजे याच तालुक्यात. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली, म्हणून गाण्याकडे वळले, मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि १९०१ साली थेट लाहोरला जाऊन गांधर्व महाविद्यालय काढलं. ‘आणि आपण जयसिंगपूरला क्लास काढतो म्हटलं तर घरातनं इचारत्यात, भाडं कोण भरणार?’

पलुस्करांनंतर लगेच पेटीची बंदी येते. १९४० साली त्या वेळच्या ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियम हद्दपार केली. तिच्यावर मींड निघत नाही, तिचे सूर परदेशी मापाने बांधलेले, हा ठपका. ही बंदी सैल व्हायला सत्तरीचं दशक उजाडलं. तो हे अशा सुरात सांगतो की जणू त्याच्या वडिलांनाच नोटीस आली होती. मग कीबोर्डच्या डाव्या अंगाचं छोटं चाक दाखवतो. ते फिरवलं की सूर वाकतो. सा वरून रे पर्यंत न तुटता जातो. ‘पेटीची फाशी ज्या गुन्ह्यासाठी, तो गुन्हाच ह्या चाकानं पुसला,’ असं म्हणून तो चाक सोडतो आणि सूर स्प्रिंगसारखा जागेवर येतो. दाव्यात तथ्य आहे. फक्त ते भजनी मंडळाला पटवण्याच्या नादात त्याने एकदा अख्खा अभंग चाकावर वाजवला, तेव्हा बुवांनी मधेच टाळ खाली ठेवून विचारलं होतं, ‘बॅटरी उतरली व्हय रं?’

कॉलेज सोडल्यावर दीड वर्ष तो इचलकरंजीत मागावर होता. चार माग एकट्याने सांभाळायचे. चारही एका वेगाने चालतात असं मालकाला वाटायचं. याला ऐकू यायचं की एक किंचित पुढे पळतोय, एक मागे रेंगाळतोय, आणि दर काही मिनिटांनी चौघं एका क्षणी समेवर येतात. त्या समेची वाट बघताना धागा तुटलेला कळायचा नाही. नोकरी सुटली. पण बरोबर काम करणाऱ्या पोराच्या मुंबईच्या भावाची एक कॅसेट हाती लागली. तिच्यावर नाव-गाव काही नव्हतं. निळ्या पेनाने नुसतं ‘इंग्लिश म्युझिक’. पंधरा वर्षं तो तिला ‘ती कॅसेट’ म्हणत होता. मोबाइल आल्यावर शोध लागला की एक बाजू वेदर रिपोर्ट नावाच्या मंडळींच्या १९७७ सालच्या ‘हेवी वेदर’ची आहे आणि त्यातल्या ज्या ‘बर्डलँड’ने त्याला वेड लावलं, ते रचणारा जो झविनुल हा ऑस्ट्रियाचा, व्हिएन्नाचा माणूस, लहानपणी अकॉर्डियन वाजवायचा.

‘अकॉर्डियन म्हणजे?’ मी विचारलं.

‘गळ्यात अडकवायची पेटी! भाता हाय, पट्ट्या हायत. म्हणजे तोबी पेटीवालाच की रं!’ त्या दिवशी त्याने नृसिंहवाडीला जाऊन दत्ताला पेढे ठेवले. झविनुलला जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. ते याला कळलं पेढे संपल्यावर.

वेदर रिपोर्टची अडचण अशी, की शिरोळमध्ये हे नाव बाजाच्या मंडळींचं असू शकतं यावर कुणाचा विश्वास बसत नाही. पावसाळ्यात त्याने चहाच्या गाड्यावर ‘आज वेदर रिपोर्ट ऐकला’ म्हटलं, की चार माणसं वळून विचारतात, ‘कोयनेतनं किती सोडलंय? अलमट्टीचं काय? राजापूर बंधाऱ्याची पातळी सांगितली काय?’ हा बिचारा सांगायला जातो की झविनुलने ‘ब्लॅक मार्केट’ वाजवताना सिंथेसायझर उलटा लावून घेतला होता, वरचे सूर डावीकडे, खालचे उजवीकडे. ऐकणारे उठून उसाकडे बघायला जातात.

तो उलटा कीबोर्ड याने प्रत्यक्षात आणला. याच्या वाद्यात तशी सोय नव्हती, म्हणून वरातीच्या ट्रॉलीवर हा स्टँडच्या पलीकडच्या अंगाला जाऊन उभा राहिला आणि तिकडून हात घालून वाजवू लागला. नवरदेवाच्या चुलत्याला वाटलं, कॅसिओ प्यायलाय. अर्धी बिदागी कापली. त्या दिवशी ट्रॉलीवर शुद्धीत असलेला हा एकटाच होता.

नागीण डान्सची मात्र त्याला लाज वाटत नाही. उलट तो सुरू झाला की याची मान ताठ होते. १९५४च्या ‘नागिन’मधली बीन गारुड्याची नव्हती, कल्याणजींनी ती क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर वाजवली होती. सिंथेसायझर बाजारात यायच्या आधीचं ते त्याचं भावंड. तेव्हा गल्लीत तोंडात रुमाल धरून जो माणूस चिखलात लोळतोय, तो देशातल्या इलेक्ट्रॉनिक संगीताची परंपरा चालवतोय, असं त्याचं म्हणणं. त्या माणसाला हे सांगायचा एकदा प्रयत्न झाला. त्याने फणा काढला.

नव्वदच्या दशकात बरं चाललं होतं. ऑर्केस्ट्रा, मग बेंजो पार्टी. सीझनला चाळीस-पन्नास सुपाऱ्या. मग डॉल्बी आली. एक पेनड्राइव्ह, एक पोरगा आणि भिंतीएवढे स्पीकर. आठ माणसांचं काम थांबलं. तेव्हा पुष्कळांनी दुकानं टाकली, कोण साखर कारखान्यावर लागला. हा हळदी, डोहाळजेवण, शाळेचं गॅदरिंग करत राहिला. गणपतीत गल्लीच्या मंडळाची आरती तोच वाजवतो. एका वर्षी त्याने आरतीखाली जॅझचे कॉर्ड घातले, चार-चार बोटांचे, कडू-गोड, शेवट लटकता ठेवणारे. पोरांनी टाळ्या मारल्या. समोरच्या आजी मात्र हात जोडलेल्या तशाच हळू आवाजात म्हणाल्या, ‘असं का वाजवाल्यास लेकरा? कोण गेलं काय?’

मला विचाराल तर आजींना जॅझ कळलं. मी हे त्याला बोलून दाखवलं नाही.

२०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी आलं तेव्हा म्हशी आधी हलवल्या, मग म्हातारी माणसं. शेवटच्या बोटीत हा कीबोर्ड छातीशी धरून उभा. जवान म्हणाला, सामान नाही घेणार. हा म्हणाला, ‘सामान न्हाई, वाद्य हाय.’ वहिनी बोटीत बसल्या होत्या, त्या शांतपणे म्हणाल्या, ‘त्यांना र्‍हाऊ द्या हितंच. दोघं सुखात र्‍हातील.’ शेवटी कीबोर्ड माळ्यावर गेला. पाणी उतरल्यावर पाहिलं तर माळ्यालाही चार बोटं लागून गेलेलं. चिखल धुतला, दोन दिवस उन्हात ठेवला, सुरू केला. चालला! पण त्याच्या षड्जापासून धरलं तर गंधार आणि निषाद बोलेनात. तो मिरजेला गेला. तंतुवाद्यांच्या गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या सतार-तंबोरे करणाऱ्यांनी आत टॉर्च मारून पाहिलं, चहा पाजला आणि सांगितलं, ‘ह्यात भोपळा नाही, आमचं काम नव्हे.’ महिनाभरात गणपती आले. त्या गणपतीत ग आणि नि वर्ज्य म्हणून त्याने दहाही दिवस फक्त दुर्गा वाजवला. लोकांना वाटलं, पुराचा नवस असेल.

एवढं होऊनही माणूस खचत का नाही, याचं उत्तर चरणजित सिंग. मुंबईच्या या वादकाने १९८२ साली रोलँडची तीन यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले, तबकडी काढली. ती कुणी विचारली नाही. अठ्ठावीस वर्षांनी, २०१०मध्ये, ती परदेशात पुन्हा निघाली आणि तिकडच्या लोकांनी डोक्याला हात लावला, की ज्याला आपण नवं नवं म्हणत होतो ते या माणसाने आधीच करून ठेवलंय! आमच्या कॅसिओने २००३ साली सांगलीत स्वखर्चाने शंभर कॅसेट काढल्या होत्या. ब्याण्णव अजून पलंगाखाली आहेत. ‘तीन आणि अठ्ठावीस किती?’ तो विचारतो. ‘एकतीस. २०३१ला बघ. तवर पलंग हलवायचा न्हाई.’

आता सातची गोष्ट. फ्यूजनवाल्यांना सात मात्रांचं भारी वेड. आपल्याकडे रूपक आहेच, तीन-दोन-दोन. पण वरात आठात नाचते. याने ठरवलं की आपल्या पीसमध्ये सात टाकायचे आणि तालुक्याला वळण लावायचं. पहिल्या दिवशी नवरदेवाचा मेव्हणा हात वर करून उडाला तो समेच्या आधीच खाली आला, थेट गटारीत. दुसऱ्या वेळी दोन पोरं एकमेकांवर आपटली. पण पुढे पडझड थांबली. एक महिना गेला, दोन गेले. एका रात्री साडेबाराला त्याचा फोन. आवाज भरून आलेला. ‘तालुका सातात नाचाय लागलाय लगा! झविनुलच्या व्हिएन्नात नाचत न्हाईत, शिरोळात नाचाय लागल्यात!’

मी ऐकायला गेलो. अर्जुनवाडला लग्न होतं. ट्रॉलीवर हा, डोळे मिटलेले. खाली हलगी, घुमकं, कैताळ. पीस आला. लोक खरोखर नाचत होते, कुणी पडत नव्हतं. मी बोटावर मोजलं. पुन्हा मोजलं. आठ भरत होते. मी मोजायचं बंद केलं आणि जिलबीकडे वळलो.

वरात पोचल्यावर रस्त्याकडेच्या गाड्यावर सगळे चहाला थांबलो. हा रंगात येऊन सांगत होता की समाजाची लय बदलायला पिढ्या लागतात असं म्हणतात, आपल्याला सात महिने लागले. हलगीवाले मामा बशीत चहा ओतत होते. सत्तरीचे असतील. त्यांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, ‘मास्तर, राग मानू नगा. तुमी रोज एक मात्रा खाताय. मी मागनं भरतोय.’

‘म्हणजे?’

‘तुमचं सात झालं की सम मारायच्या आदी मी एक जास्तीची टाकतोय. तुमी डोळं झाकून माझ्या समंची वाट बघताय. माणसं पडाय लागली तवापास्नं चाललंय. पोरंबाळं असत्यात वरातीत.’

गाड्यावर कुणी बोलेना. घुमकंवाला पोरगा चपलेकडे बघत होता. त्याला माहीत असणार. मी मनात शब्द जुळवू लागलो, की मास्तरांना घरी नेताना काय बोलावं. हा मामांकडे एकटक बघत बसला. ग्लास तसाच हातात. मग त्याने विचारलं, ‘टिप्रीनं भरताय का बोटानं?’

‘टिप्रीनं कसं? आवाज कडक येतोय की. बोटानं. कडंला.’

‘दावा.’

मामांनी बशी खाली ठेवली आणि बाकाच्या कडेवर बोटं टेकली. मास्तरांनी समोरून सात धरले. पहिल्या खेपेला आठवी पडली ती इतकी हलकी, की मलाही ऐकू आली नाही. ‘पुन्हा,’ मास्तर म्हणाले. टेम्पोवाला हॉर्न देत होता, उद्या सकाळी टाकळीची सुपारी होती, आणि गाडेवाल्याने उकळी येऊ घातलेलं पातेलं उतरवून गॅस बारीक केला.