घरच्या घरी वीस फूट

साहित्य : डोळे दोन, स्क्रीन असतील तितक्या (आमच्याकडे माणसं चार, स्क्रीन सहा), शिवणकामाची टेप एक, कपाटाचा आरसा एक, लाज चवीपुरती.

डोळ्यांचे डॉक्टर एक सोपा नियम सांगतात : दर २० मिनिटांनी, २० फुटांवरच्या वस्तूकडे, २० सेकंद बघा. मिनिटं आणि सेकंद कुठेही मिळतात. अडतं ते फुटांपाशी. म्हणून ही मार्गदर्शिका.

आधी कारण समजून घ्यावं. जवळचं बघताना डोळ्यातला एक बारीक स्नायू आवळतो आणि भिंग फुगतं. दिवसभर हातभर अंतरावरच्या लॅपटॉपकडे बघणं म्हणजे त्या स्नायूला दिवसभर मूठ आवळून उभं करणं. नजर २० फुटांपलीकडे, म्हणजे साधारण ६ मीटरपलीकडे गेली की तो जवळजवळ पूर्ण सैल पडतो. नंबर तपासून डॉक्टर ‘सहा बाय सहा’ म्हणतात, त्यातला पहिला सहा म्हणजे हेच सहा मीटर.

पायरी १ : हॉल मोजणे. आमचा १० बाय १२. एका कोपऱ्यात पाठ टेकून समोरच्या कोपऱ्यापर्यंत टेप धरावी. साडेपंधरा फूट भरतात. पायथागोरसला बोलावलं तरी तो याहून जास्त देत नाही. उरलेले साडेचार फूट बिल्डरकडे मागू नयेत. ते सुपर बिल्ट-अपमध्ये दिलेत, असं तो सांगेल.

पायरी २ : खिडकी. समोरच्या विंगमधलं स्वयंपाकघर अंदाजे २० फुटांवर येतं. तिकडे शांतपणे २० सेकंद बघावं. पहिल्या दिवशी काकू हसल्या. दुसऱ्या दिवशी हसल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी पडदा लागला आणि चौथ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर ‘काही सभासदांच्या वर्तनाबाबत’ मेसेज आला. खरं तर पडदासुद्धा २० फुटांवरच असतो आणि डोळ्यांना तो चालतो. पण हे काकूंना समजावायला जाऊ नये.

पायरी ३ : आरसा. चष्म्याच्या दुकानातली तपासणीची खोली अनेकदा एवढीशी असते. तिथे उलट्या अक्षरांचा तक्ता आपल्या डोक्यामागे लावून समोर आरसा ठेवतात. नजर १० फूट जाते, १० फूट परत येते, हिशेब पूर्ण. तीच युक्ती घरी करावी. कपाटाच्या आरशापासून १० फुटांवर खुर्ची ठेवून स्वतःकडे बघावं. पहिली पाच सेकंदं केसांत जातात, पुढची पाच पोटात. त्यानंतर आपण सकाळपासून नेमकं काय काम केलं, असा प्रश्न पडतो. तो पडला की २० सेकंद झाली असं समजून उठावं.

पायरी ४ : वेळ. आठवणीसाठी मोबाइलवर गजर लावू नये. तो बंद करायला मोबाइल हातात घ्यावा लागतो आणि पुढचा गजर होईपर्यंत तो हातातच राहतो. त्यापेक्षा पाण्याचा तांब्या स्वयंपाकघरात ठेवावा. तहान लागली की माणूस उठतो, आणि आपला तांब्या इन्स्टाग्राम दाखवत नाही.

पायरी ५ : पापणी. एरवी माणूस मिनिटाला पंधराएक वेळा पापण्या मिटतो. स्क्रीनपुढे हा आकडा निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतो, आणि त्याही अर्ध्यामुर्ध्या मिटल्या जातात. अश्रूंचा पातळ थर सुकतो, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटतं. म्हणून पापण्या मुद्दाम, पूर्ण मिटाव्यात. ऑनलाइन मीटिंगमध्ये हा सराव करताना आधी कॅमेरा बंद करावा. आमच्या साहेबांचा गैरसमज झाला होता. तो फारसा चुकीचाही नव्हता.

पायरी ६ : पथ्य. गुलाबपाणी गुलकंदाच्या बाटलीशेजारी आणि मध पोळीवर शोभतो. दोन्ही डोळ्यांत घालू नयेत, मग ते आत्याने सांगितलेलं असो वा आत्याच्या ग्रुपने. लाली घालवायला मनानेच थेंब आणू नयेत. त्यात स्टेरॉइड असलं तर लाली जाते आणि फार दिवस घातल्यास काचबिंदू पाठीशी लागू शकतो. निळा प्रकाश अडवणारा चष्मा हौस म्हणून घ्यावा. १७ चाचण्या तपासणाऱ्या कोक्रेनच्या २०२३च्या आढाव्यात त्याने डोळ्यांचा थकवा कमी होतो असं काही दिसलं नाही. खिसा मात्र हलका होतो.

पायरी ७ : मुलं. मुलांना आरशापुढे बसवू नये, त्यांना खाली सोडावं. तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांनी रोज १२० मिनिटं उघड्यावर काढावीत म्हणून मोहीम चालवली. उजेडात खेळणाऱ्या मुलांना लांबचं अंधुक दिसण्याचा, म्हणजे मायनस नंबरचा, धोका कमी असतो. आपल्या आवारात यासाठी एक सोय आधीच आहे : ‘येथे क्रिकेट खेळण्यास सक्त मनाई आहे’ हा फलक. मुलाला त्याच्यापासून २० फुटांवर उभं करून तो वाचायला सांगावा. वाचता आला नाही, तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावं. वाचता आला, तर हातात बॅट द्यावी आणि सेक्रेटरींशी आपण बोलावं. बोलताना त्यांच्यापासूनही २० फूट अंतर राखावं.