संशयितांना जेवायला बोलवा!

रहस्यपटातल्या गुप्तहेराला सहसा बायको नसते. असलीच तर पहिल्या रिळातच तिचा खून झालेला असतो. कारण उघड आहे. रात्री अडीच वाजता खुन्याचा पाठलाग करायचा, तर 'एवढ्या रात्री कुठे निघालात?' असं विचारणारं घरात कुणी नसलेलंच बरं. एम.जी.एम.च्या 'द थिन मॅन'नं १९३४ साली हा रिवाज मोडला आणि मोडण्याच्या आनंदात मंडळी खुनाकडे जवळजवळ दुर्लक्षच करून बसली.

निक चार्ल्स, म्हणजे विल्यम पॉवेल, हा निवृत्त गुप्तहेर. श्रीमंत घरच्या नोराशी (मर्ना लॉय) लग्न झाल्यापासून बायकोची इस्टेट सांभाळणं हाच त्याचा उद्योग. नाताळासाठी दोघं न्यूयॉर्कला येतात. एक संशोधक बेपत्ता, त्याच्या सेक्रेटरीचा खून. जो तो निकच्या मागे लागतो, तपास कर. निक म्हणतो, छे! नोरा म्हणते, कर ना, मजा येईल. नवरा घरी बसलाय म्हणून त्याला कामाला जुंपणाऱ्या बायका आपल्याकडेही आहेत, पण थेट खुन्याच्या मागे धाडणारी हीच.

अमेरिकेतली दारूबंदी १९३३च्या डिसेंबरात उठली होती. सगळ्या देशाचा अनुशेष आपल्यालाच भरून काढायचाय, अशा निष्ठेनं निक पितो. नोरा विचारते, कितवा? हा सहावा, तो सांगतो. एवढ्या संवादानंतर आमच्या घरात बराच काळ फक्त भांड्यांचे आवाज येतील. नोरा मात्र वेटरला आणखी पाच मार्टिनी आणायला सांगते. स्वतःसाठी, आणि ओळीनं मांडून.

पटकथा लिहिली तीही एका नवरा-बायकोनंच, फ्रान्सेस गुडरिच आणि आल्बर्ट हॅकेट यांनी. मूळ कादंबरी डॅशिएल हॅमेटची. त्यानं स्वतः पिंकर्टन एजन्सीत हेरगिरी केलेली. नावातला रोडका माणूस म्हणजे तो बेपत्ता संशोधक. तो तर केव्हाच मेलेला असतो. (नव्वद वर्षांनी हे फोडायला हरकत नसावी.) पण लोकांनी पॉवेललाच रोडका ठरवून टाकलं आणि स्टुडिओनं मुकाट्यानं १९४७पर्यंत त्याच नावाचे आणखी पाच चित्रपट काढले. प्रेत शोधून काढण्याचं श्रेयही निकचं नाही, त्याच्या आस्टा नावाच्या कुत्र्याचं.

शेवटी निक सगळ्या संशयितांना जेवायला बोलावतो. वाढायला वेटरच्या वेषातले पोलीस. लग्नाच्या पंगतीत भाऊबंदकीतले सगळे समोरासमोर बसावेत, तसे एकेकाचे चेहरे. दिग्दर्शक डब्ल्यू. एस. व्हॅन डाइक झपाट्यानं काम उरकण्याबद्दल प्रसिद्ध. अख्खा चित्रपट त्यानं दोन-अडीच आठवड्यांत संपवला. या प्रसंगाला मात्र वेळ लागला. ताटात कालवं होती, रोज तीच, आणि वर स्टुडिओचे तापलेले दिवे. ती सडायला लागली, असं मर्ना लॉयनं आत्मचरित्रात सांगितलंय. तेव्हा त्या टेबलाभोवती कोण अस्वस्थ दिसतंय, यावरून खुनी ओळखायला जाऊ नका.