आधी लोगो, मग शिंपी

म्हैसुरात हल्ली कपड्यांचा छोटा धंदा काढायचा क्रम ठरलेला आहे. आधी नाव, मग लोगो, मग चामुंडी टेकडीवर फोटोशूट, मग ‘स्लो फॅशन’वर रील. शिंपी सर्वांत शेवटी शोधायचा. तो दसऱ्यापर्यंत मोकळा नसतो, त्यामुळे फॅशन आपोआपच स्लो होते.

याच गावात 1912 साली नाल्वडी कृष्णराज वडियार यांनी रेशीम कारखाना काढला. महाराजांना सल्ला द्यायला कोणी मेंटॉर नसल्याने त्यांनी आधी स्वित्झर्लंडहून यंत्रमाग मागवले. गुंतवणूकदारही शोधावे लागले नाहीत, तिजोरी घरचीच. आज तो कारखाना कर्नाटक सरकारच्या रेशीम महामंडळाकडे आहे. सरकारी कारभार म्हटल्यावर एव्हाना कुलूप लागायला हवं होतं. पण तिथल्या साडीसाठी बायका पहाटेपासून महामंडळाच्या दुकानाबाहेर रांग लावतात. अस्सल रेशीम, जरीत खरं सोनं-चांदी, साडीगणिक वेगळा क्रमांक आणि मागणीला कधीच न पुरणारा माल.

नवे उद्योजक यातून धडा घेतात, पण फक्त शेवटचा. तीन कुर्ते शिवून ‘लिमिटेड एडिशन’ जाहीर होते. दोन मावश्या घेतात, तिसरा मामीच्या गळ्यात मारला जातो आणि ‘सोल्ड आउट’ची पाटी झळकते. लगेच ‘फॅशन व्यवसाय कसा उभारावा’ यावर कार्यशाळा. तिची फी कुर्त्याच्या किमतीहून जास्त असते आणि धंद्यातला पहिला नफा तिथेच होतो.